वाटणीत राहिलेला संडास

५ ऑक्टोबर, रविवार

ठकुवन्सं आज दुपारी अकलोलीला परत गेल्या. जाताना अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या, म्हणजे दोन्ही घरांना नीट ऐकू जावं, आणि म्हणाल्या, "भाऊबीजेला येईन. तवर आयसाठी संडास धड झाला न्हाय, तर आयला मी घेऊन जाईन. मग गावाला सांगत बसा, दोन लेक हायेत नि आय लेकीच्या दारात पडलीय."

हे खाली मान घालून चपला शोधत राहिले. पलीकडच्या ओट्यावरून दामूभावजी "करतो गं ताय" म्हणाले. हे "करतो" मी पावसाळ्यापासून ऐकते आहे.

सासूबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. वन्सं गेल्यावर म्हणाल्या, "मी न्हाय जायाची अकलोलीला. ठकूचं घर चांगलं हाय, पन माझं न्हाय." ऐंशी ओलांडली आहे. हॉस्पिटल सोडलं तर लग्नानंतर त्या या घराबाहेर झोपलेल्या नाहीत. त्यांना इथून हलवलं तर काय होईल हे मला लिहायचंसुद्धा नाही.

राग कुणावर काढावा हा प्रश्नच नाही. रांग लागली आहे.

आमचा संडास परसात. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत पडली, विहीर बुजवली, आंबासुद्धा एकाच्या वाट्याला गेला. संडास तेवढा सामाईक राहिला, कारण पाण्याची टाकी दामूभावजींच्या स्लॅबवर आणि मैल्याचं चेंबर आमच्या बाजूला. आत दोन बल्ब आहेत. एकाचं बटण आमच्या घरात, दुसऱ्याचं त्यांच्या. दोन बादल्या, दोन मग, दाराला दोन कड्या आणि दोन कुलपं. आणि गावाचा न लिहिलेला कायदा असा, की सामाईक वस्तूवर जो पदरच्या पैशाने माणूस लावून दुरुस्ती करतो तो उद्या तिच्यावर हक्क सांगतो. म्हणून आम्ही करत नाही, ते म्हणतील बळकावला. ते करत नाहीत, आम्ही म्हणू. मी बी.ए. आहे, भूगोल घेऊन. हा कायदा मला कॉलेजात कुणी शिकवला नाही, तरी मी तो इतकी वर्षं पाळते आहे.

पावसाळ्यात सासूबाई तिथल्याच ओल्या लादीवर घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी केली. तेव्हा दोघा भावांनी निम्मे निम्मे घालून, सापडेल तो सर्वांत स्वस्त माणूस आणून कमोड बसवला. तो डुलतो. वरची फ्लशची टाकी भरायला लागली की थांबत नाही, गळत राहते, आणि ऐन वेळी रिकामी असते. सासूबाई एकदाच बसल्या, कमोड हलला, त्या किंचाळल्या. त्यानंतर त्या कशा आणि कधी जातात हे सांगत नाहीत. विचारलं की "जमवते" म्हणतात.

जमवतात म्हणे. सगळं घर नुसतं जमवतंय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आमच्या काल्हेरात एवढ्या नव्या बिल्डिंगा उठताहेत की प्लंबर लोकांना आमच्यासारखी बैठी घरं दिसेनाशी झाली आहेत. शेवटी नारपोलीहून एक जण आला. पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच माझी धाकटी जाऊ गुलाब परसात हजर.

"वयनी, कुनाला इचारून बोलावलाव याला?"

"संडासाला विचारून."

"सामाईक हाय तो."

"मग सामाईक गळतोय. निम्मं पाणी तुमचं आहे."

"आमी कुठं न्हाय म्हनतो? पन आमाला न सांगता माणूस लावायचा, नि उद्या म्हनायचं आमी दुरुस्त केला."

प्लंबरने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे, एकदा त्या दोन बल्बांकडे पाहिलं. "मॅडम, पहले आप लोग घर में फायनल कर लो, फिर बुलाओ," म्हणाला आणि पिशवी उचलून निघून गेला.

संध्याकाळी हे म्हणाले, "कशाला पडतेस त्यात?"

मी म्हटलं, "तुमची आई पडली होती त्यात."

मग टीव्हीचा आवाज मोठा झाला.

जेवताना मला सुचलं. माणूस लावला तर हक्क येतो. मी स्वतःच्या हाताने केलं तर कसला हक्क? कुणालाही न सांगता करायचं, गुलाब तिच्या बहिणीकडे किंवा बाजारात गेली की. यूट्यूबवर सगळं दाखवतात. आयुष्यभर घर चालवलं, एक टाकी चालवता येणार नाही?

९ ऑक्टोबर, गुरुवार

हार्डवेअरवाला म्हणाला, "काकू, मिस्त्रीला पाठवा, त्याला कळेल काय पाहिजे ते." मी म्हटलं, मीच मिस्त्री, पान्हा दाखव. दाखवला. टाकी भरली की पाणी थांबवणारा नवा फ्लोट, रबरी वायसर आणि आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप घेतली.

व्हिडिओत एक चष्मेवाला पोरगा हिंदीत समजावतो. फार बोलतो. पहिली पाच मिनिटं तो स्वतःची ओळख करून देतो. मी कामापुरतं पाहिलं आणि बंद केलं.

भिंतीजवळचा अँगल कॉक आधी बंद करायचा, म्हणतो. आमचा कॉक गंजून बसलाय, हातोडीने ठोकला तरी फिरत नाही. पाणी बंद करायचं तर स्लॅबवर, गुलाबच्या डोक्यावर जावं लागेल. तेव्हा चालू पाण्यातच काम केलं. नखशिखांत भिजले, डोळ्यांत गंजाचं पाणी गेलं, तोंडाने जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण झालं! फ्लोट जरा खाली ठेवला. टाकी भरली, आणि पाणी आपलं आपण थांबलं. मी तिथेच दोनदा फ्लश करून पाहिला. एवढं समाधान मला बी.ए.च्या निकालाला झालं नव्हतं.

ओल्या साडीनेच सासूबाईंना सांगितलं. "बरं केलंस गो मोठे," म्हणाल्या, चार पायांची काठी उचलली आणि देवळात निघाल्या. आयुष्यात कधी देवळाची पायरी न चढलेली बाई, ऑपरेशन झाल्यापासून रोज दहाला देवळात जाते. मरणाची भीती बसली असावी. असू दे. पण निदान आज तरी आधी माझी टाकी बघायची होती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

फ्लोट वर केलेला आहे. आपोआप वर जात नाही तो. कुणीतरी हात घालून वर केला आहे, आणि टाकी काठापर्यंत भरून पुन्हा गळते आहे.

कुणीतरी म्हणजे कोण हे सांगायला भूगोल लागत नाही.

पुन्हा खाली केला.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज तर हद्द झाली. पाइपाच्या जोडावर मी टेप गुंडाळली होती. आज पाहते तर माझ्या टेपवरून सुतळी! गोणीची सुतळी, करकचून. इतका खोडसाळपणा? मी केलेलं टिकू नये, भाऊबीजेला वन्संपुढे माझं नाक कापलं जावं, म्हणून?

मी सुतळी सोडवली, तर जोडच सुटला आणि पाणी थेट तोंडावर.

दुसरी गोष्ट. सासूबाई देवळातून आल्या, मी त्यांना खाटेवर बसवायला हात धरला, तर हाताला लिंबासारखा वास. महागड्या साबणाचा. आणि कमरेच्या ओच्यातून पांढरा मऊ कागद खाली पडला, हॉटेलात हात पुसायला देतात तसला.

"हा कुणी दिला?"

"कमळीनं."

"कोण कमळी?"

"हाय एक. वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरची. लय चांगली पोर हाय."

देवळात पुजारी आहे, कमळी कुणी नाही. मला सगळं समजलं. सासूबाई एक महिना आमच्याकडे, एक महिना गुलाबकडे जेवतात; या महिन्यात पाळी आमची आहे. माझ्याकडे हल्ली त्या अर्धी भाकरी खातात. गुलाब त्यांना मागच्या दाराने बोलावून हॉटेलचं खायला घालते, आणि वन्संना सांगणार, मोठीकडे आय उपाशी असते. कमळी म्हणजे काहीतरी रचलेलं नाव.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "आई खाते ना कुठेतरी? मग झालं." असल्या माणसाशी मी संसार केला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आता कमोडाचं डुलणं. जुने स्क्रू गंजून तुटले होते. लांब स्क्रू घेतले, पिळले, भोवती पांढरं सिमेंट भरलं. गुडघे सोलपटले. चष्मेवाला म्हणतो, एक दिवस कुणी बसायचं नाही, सिमेंट धरू द्यायचं. म्हणून दाराला आमचं कुलूप घातलं आणि कागद चिकटवला: वापरू नये. हे सार्वजनिक शौचालयात गेले, मी कळ काढली. गुलाबला सांगितलं नाही. तोंडच बघायचं नाही तर सांगणार कसं?

दुपारी दगडाचा आवाज. जाऊन पाहते तर गुलाब माझं कुलूप फोडतेय.

"हे काय चाललंय?"

"तुमी सांगा काय चाललंय! सामाईक संडासाला एकट्याचं कुलूप? आज कुलूप, उद्या भिंत!"

"कागद वाचता येत नाही?"

"वाचला. 'वापरू नये.' कुनी वापरू नये? आमी?"

"गुलाब, आत सिमेंट ओलं आहे."

"मग मना सांगायला जीभ झडली काय तुमची?"

आणि ती माझ्या नाकासमोर आत गेली, दार लावलं, कडी घातली. मी बाहेर उभी. आतून तिचा आवाज आला, "उभ्या काय ऱ्हायलाव, पहारा हाय काय?"

दामूभावजींनी खिडकी लावून घेतली. दोघे भाऊ खिडक्या आणि टीव्ही यात फार हुशार.

१६ ऑक्टोबर

पांढरं सिमेंट भेगाळलं, ते होणारच होतं. पण आज त्यावर करड्या सिमेंटचा जाड थर थापलेला आहे. ओबडधोबड, बोटांचे ठसे तसेच. आधीचं काम खराब केलं ते केलं, वर विद्रूप करून ठेवलं. आता कमोड एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने वर उचलला जातो.

मी आता त्याला हात लावणार नाही. भाऊबीजेला वन्संना सरळ सांगेन, हिनं केलं.

१७ ऑक्टोबर

हात लावणार नाही म्हटलं खरं. पण न्यायच्या बॅगेत सासूबाईंची लुगडी घालताना मीच असणार, गुलाब नव्हे. फ्लोट तेवढा खाली केला.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहिली अंघोळ. सासूबाईंना तेल लावून पाटावर नाही, खुर्चीवर बसवून न्हाऊ घातलं. फराळाचं ताट पुढे ठेवलं तर म्हणे, "उपास हाय."

नरकचतुर्दशीला उपास! कुणाचा? चकली नको, करंजी नको, पाणीसुद्धा घोटभर. चहा दिला तो तुळशीत ओतताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. काल रात्रीही जेवल्या नाहीत. देवळातही दोन दिवस गेल्या नाहीत, म्हणजे सकाळी गेल्या आणि लगेच परत आल्या, चेहरा पाडून.

मी म्हटलं, "गुलाबकडचं गोड लागतं, माझं कडू?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "काय बोलतेस गो?"

सोंग. सणाच्या दिवशी घरात रुसवा. मीही मग आग्रह केला नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

सगळे झोपल्यावर लिहायला बसले.

साडेअकराला दारात एक वॉचमन. एका हाताने सासूबाईंना धरलेलं, दुसऱ्या हातात त्यांची काठी. रस्त्यापलीकडच्या गोडाऊनचा, दिनेश नाव सांगितलं.

"आजी तुमच्याच ना? गेटची साखळी वढत हुत्या. म्हनतात, माझ्या शेताला कुलूप कुनी लावलं."

"तिकडे कशाला गेल्या त्या? तो रस्ता ओलांडून?"

त्याला माझंच नवल वाटलं. "रोजच येतात की मॅडम. धाच्या टायमाला. आमची कमळी हाय ना, साफसफाईवाली, ती त्यांना ऑफिसातल्या टॉयलेटात नेती. शेठला ठाव न्हाय, तुमी बी बोलू नका. आता दिवाळीची सुट्टी, कमळी पाड्यावर गेली, आतली चावी सुपरवायझरकडं. परवापासनं येऊन परत जातात. आज बसल्याच खाली."

मी सासूबाईंकडे पाहिलं. ओठ फुटलेले, अंग गरम. जायला जागा नाही म्हणून त्या खात नव्हत्या. पीत नव्हत्या. आणि मी त्यांना करंजीवरून टोमणे मारत होते.

ते गोडाऊन आमच्याच शेतावर उभं आहे. सासऱ्यांनी हयातीत विकलं. सासूबाई खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "लगीन करून आले तवा सासूनं मना जागा दावली हुती. करवंदीच्या जाळीआड. सगळा जनम तिथंच गेले. आता जाळी न्हाय, लादी हाय, कमळी रोज पुसते. पन जागा तीच हाय."

तो रस्ता! कंटेनर दिवसरात्र जातात त्या रस्त्यावरून. धडधाकट माणूस ओलांडताना देवाचं नाव घेतो. ही बाई मोडलेल्या खुब्याने रोज जात होती, आणि मी, तिची शिकलेली सून, देऊळ धरून बसले होते.

डॉक्टरांनी घरी येऊन सलाइन लावलं. पाणी कमी पडलंय, म्हणाले, अजून एक दिवस असा गेला असता तर ॲडमिट करावं लागलं असतं. तोवर गुलाब धावत आली होती.

"म्हंजे आय तुमच्याकडचा संडास वापरत नव्हती?"

"'तुमच्याकडचा' म्हणजे? एकच आहे तो! तुझ्याकडे जेवत नव्हत्या?"

"माझ्याकडं? मना वाटलं तुमी त्यांना माझ्याकडं येऊ देत न्हाय!"

दोघींना एकदमच राग आला. पण तो नेमका कुठे फेकायचा हे दोघींना कळेना. शेवटी गुलाबने ते काम माझ्याआधी केलं. वळून दामूभावजींवर ओरडली, "उबे काय? रिक्षा आना!" तिच्या बहिणीचा फ्लॅट नव्या बिल्डिंगमध्ये आहे, लिफ्ट आहे. सलाइन संपल्यावर सासूबाईंना तिथे नेलं. त्या बाथरूममधून बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा चेहरा मोकळा होता.

पूजा उशिरा झाली. कशीबशी.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सकाळी पान्हा घेऊन परसात गेले तर गुलाब आधीच तिथे. तिच्याही हातात पान्हा.

"हा कुठून आणलास?"

"तुमी आनलाव तिथूनच. तो म्हनला, तुमच्या वयनीनं बी हाच नेला."

मी टाकीचं झाकण काढलं. "फ्लोट तूच वर करत होतीस ना?"

"मग? अर्ध्या टाकीनं काय वाहतंय? आयला दोनदा बटन दाबावं लागंल."

"वर केला की गळते."

"मना काय ठाव तुमी खाली करताव! मना वाटलं आपसूक उतरतो, खराब हाय."

"आणि सुतळी?"

"तुमची टेप उलटी गुंडाळली हुती, वयनी. आटी फिरवली की सुटायची. त्यो चष्मेवाला पोरगा सांगतो की, शेवटाला."

"तू तो बघतेस?"

"मंग! लय बोलतो, पन सांगतो नीट."

मी शेवट पाहिला नव्हता. पण मीही सोडलं नाही. "सुतळीवर रंग लावायचा असतो, तो कुठाय? आणि ओल्या पांढऱ्या सिमेंटवर करडं कोण थापतं?"

"भेगा पडल्या हुत्या!"

"तू बसलीस म्हणून पडल्या!"

"तुमी सांगितलं न्हाय म्हनून बसले!"

म्हणजे इतके दिवस आम्ही दोघी, हक्काचा प्रश्न येऊ नये म्हणून गुपचूप, एकच संडास दुरुस्त करत होतो आणि एकमेकींचं काम मोडत होतो. आणि जिच्यासाठी करत होतो ती कंटेनरच्या मधून वाट काढत होती. लिहितानाही कानशिलं तापतात.

मग भांडतच काम केलं. ती स्लॅबवर चढली, मी खाली.

"बंद केलं!"

"येतंय अजून!"

"आता?"

"अजून येतंय! झोपलीस का?"

"आगो हा न्हाणीचा व्हॉल हाय! थांबा... आता?"

थांबलं. पहिल्यांदाच कोरड्या हाताने जोड काढला. गंजलेला अँगल कॉक काढून नवा बसवला. टेप तिने गुंडाळली, सुलट. फ्लोट मधे ठेवला, तिच्या आणि माझ्या खुणेच्या बरोबर मधे नाही, जरा माझ्या बाजूला. कमोड उचलायला भावांना हाक मारली. इतका वेळ दोघे अंगणात कुणाच्यातरी लग्नाला आल्यासारखे उभे होते. हे म्हणाले, "मी काही धरू का?"

गुलाब म्हणाली, "भावजी, आता धरलाव तर सोडू नका म्हंजे झालं."

दोन्ही सिमेंटं छिन्नीने खरवडली. तळाची लादी सपाट केली, नवीन स्क्रू, नवीन सिमेंट, आणि भिंतीला धरायला दांडा. दाराला दोन्ही कुलपं घातली, आमचं नवं. सासूबाई रात्री गुलाबच्या बहिणीकडेच राहिल्या. एकच रात्र, असं तीनतीनदा वदवून घेऊन.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

वन्सं आल्या. ओवाळणीच्या आधी परसात गेल्या आणि स्वतः बसून आल्या. "हलत न्हाय," म्हणाल्या. वन्संच्या तोंडून ही स्तुतीच.

मग सासूबाईंना आणलं. त्या आत गेल्या. बाहेर मी, गुलाब, वन्सं.

"आय, भिंतीचा दांडा धरलास काय?"

"बटण उजवीकडे आहे!"

"कडी नका घालू, नुसतं दार लोटा!"

"आय, झालं काय?"

"घाई नको करूस त्यांना, गुलाब!"

"मी कुठं घाई करते, तुमीच दार ठोकताव!"

बराच वेळ गेला. सासूबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "न्हाय झालं."

इतकं करून! मला इतका संताप आला की मी आत जाऊन उगाच फ्लश केला. उत्तम चालतो.

वन्सं जाताना म्हणाल्या, "तुळशीच्या लग्नाला येते. तवर आय रस्ता वलांडून गेली असं कानावर आलं, तर बॅग भरूनच नेईन. मग मना कोनी आडवू नका." आडवणार कशाला, त्यांचं बरोबरच आहे. तेच तर चीड आणतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

चार दिवस सासूबाईंना रिक्षाने गुलाबच्या बहिणीकडे नेऊन आणत होतो. आज गोडाऊन उघडलं. दहाला सासूबाई दिसल्या नाहीत आणि मी चप्पल न घालता पळाले. त्या दुभाजकाशी उभ्या, दोन्ही बाजूंनी कंटेनर. दंड धरून मागे आणलं. फुटपाथवर, लोक बघत असताना, मी ओरडले.

"काय कमी आहे आता तिथे? हलत नाही, गळत नाही, पाणी आहे, धरायला दांडा आहे!"

"काय कमी न्हाय. चांगला केलाव."

"मग?"

त्या काठीवर भार टाकून दम घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "कमळी मना आत सोडते नि जाते. तिकडं कोन नसतं. तुमी दोघी दाराला कान लावून उभ्या. एक म्हनते झालं काय, दुसरी म्हनते बटन दाब. मी काय परीक्षेला बसलेय? करवंदीत कोन इचारायला येत नव्हतं, गो."

"आणि पडलात म्हणजे?"

"पडले तर वरडेन. तोंड तर धड हाय."

मी त्यांचा दंड सोडला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते सगळं दार ठोकण्यासारखंच झालं असतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

वन्संना मघाशी फोन केला आणि सांगितलं, तुळशीच्या लग्नाला या, बॅग आणू नका. त्यांनी दोनदा विचारलं, खरं सांगतेस ना. मी फोन ठेवला.

सकाळी गुलाबला सगळं सांगितलं होतं. ती भडकली. "मंग कोन उभं राहणार? परत पडली म्हंजे?"

"कुणी उभं राहायचं नाही."

"लांबून?"

"लांबूनही नाही. तू तुझ्या ओट्यावर बस, मी माझ्या."

पण आपापल्या ओट्यावर बसवेना दोघींनाही. ती सुका जवळा सुपात घेऊन माझ्या पायरीवर आली, म्हणाली, निवडायला चार हात पाहिजेत. परसाकडे पाठ करून बसलो. दहाला काठीचा आवाज झाला. घरातून अंगणात, अंगणातून परसात, लादीवर. दार लागलं. कडी आतून घातली गेली, आम्ही नको म्हटलेली.

गुलाब जवळ्यातला कचरा बाजूला काढत होती, मी तोच परत चांगल्यात टाकत होते. तिने तो पुन्हा वेचून काढला. मग तिने तोंड उघडलं, परसाकडे मान वळवली, आणि मी तिच्या मनगटावर चापट मारली. फार जोरात लागली असावी. तिने मला उलट चिमटा काढला.

फ्लशचा आवाज आला. मग टाकी भरायला लागली. भरत राहिली, भरत राहिली. आम्ही दोघी श्वास धरून. थांबली.

कडी निघाली. काठी परत परसातून अंगणात आली आणि आमच्या पाठीमागे थांबली.

"गो," सासूबाई म्हणाल्या, "पानी द्या कोनी तरी. तांब्याभर."

दोघी एकदम उठलो. जवळा सगळा पायरीवर सांडला. तांब्या माझ्या हाताला आधी लागला.